लॅपटॉप उघडण्यापूर्वी : दुरुस्तीच्या धंद्याचे खरे भांडवल

समजा, मार्च महिन्याचे शेवटचे दिवस आहेत. एका हिशेबनिसाचा लॅपटॉप तापू लागला आहे, पंख्याची घरघर वाढली आहे आणि काम करता करता यंत्र आपोआप बंद पडते. तो जवळच्या दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, "आत धूळ साचली असेल. अर्ध्या तासात साफ करून देतो." यंत्र उघडले जाते, धूळ निघते, पंखा स्वच्छ होतो, पण झाकण लावून बटण दाबले तर यंत्र सुरूच होत नाही. कारण अगदी क्षुल्लक असते. आतल्या बॅटरीची जोडणी काढलेली नव्हती आणि हातातून निसटलेला एक बारीक स्क्रू मदरबोर्डवर पडून शॉर्ट झाला. ग्राहकाचे वर्षभराचे हिशेब अडकले आणि साफसफाईच्या मजुरीसाठी घेतलेल्या कामात दुकानदाराच्या गळ्यात मदरबोर्डचा खर्च पडला.

लॅपटॉप दुरुस्ती हा आज कमी जागेत आणि बेताच्या भांडवलात उभा राहणारा धंदा आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा दिल्लीचे नेहरू प्लेस येथपुरता तो आता राहिलेला नाही. तालुक्याच्या गावीही अशी दुकाने दिसतात. आय.टी.आय. मधून संगणक हार्डवेअरचा अभ्यासक्रम केलेले आणि एखाद्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, असे दोन्ही प्रकारचे तरुण या व्यवसायात येत आहेत. बिघाड कसा शोधावा हे ते उत्साहाने शिकतात. परंतु यंत्र उघडावे कसे आणि बंद करावे कसे, हा भाग किरकोळ समजून दुर्लक्षिला जातो. प्रत्यक्षात दुकानात होणाऱ्या नुकसानीचा मोठा वाटा याच दोन वेळी होतो. म्हणून या लेखात दुरुस्तीपेक्षा उघडण्याच्या शिस्तीचाच विचार करू.

जुनी रचना, नवी रचना

पूर्वीच्या लॅपटॉपची बॅटरी खालच्या बाजूची खिट्टी सरकवली की हातात येत असे. कीबोर्ड धरून ठेवणाऱ्या स्क्रूशेजारी कीबोर्डचे आणि रॅमच्या झाकणाशेजारी रॅमचे चित्र कोरलेले असे. आधी कीबोर्ड, मग मनगट टेकण्याची पट्टी, मग मदरबोर्ड असा उतरता क्रम होता. पुढे यंत्रे पातळ होत गेली. २०१२ साली अ‍ॅपलने बारीक पडद्याचा मॅकबुक प्रो आणला, त्यात बॅटरी डिंकाने चिकटवलेली आणि रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली होती. आज अनेक कंपन्यांच्या यंत्रांत बॅटरी आतच असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी संपूर्ण खालचे झाकण काढावे लागते. याचा अर्थ असा की, झाकण निघाले तरी यंत्रात वीज असतेच. जुन्या सवयीने काम करणारा कारागीर नेमका येथेच फसतो.

हत्यार हातात घेण्यापूर्वी

पहिली गोष्ट कागदाची. यंत्र ताब्यात घेताना मॉडेल, अनुक्रमांक, ग्राहकाची तक्रार आणि आधीपासून असलेले दोष म्हणजे तडा, सैल बिजागरी, नसलेला स्क्रू, चालत नसलेली कळ हे सर्व पावतीवर लिहून घ्यावे. यंत्र सुरू होत असेल तर ग्राहकासमोरच कीबोर्ड, कॅमेरा, आवाज आणि वायफाय तपासून घ्यावेत. पुढचे निम्मे वाद या पाच मिनिटांत मिटतात.

दुसरी गोष्ट माहितीची. "आपल्या कामाच्या फायलींची दुसरी प्रत आहे का?" हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाला विचारावा. नसेल तर यंत्र चालू असेतो ती करून घ्यावी. विंडोजमध्ये बिटलॉकर हे कुलूप चालू असेल तर मदरबोर्ड बदलल्यावर किंवा बायोसमध्ये फेरफार झाल्यावर यंत्र ४८ आकडी किल्ली मागू शकते. ती ग्राहकाकडे आहे की नाही, हे आधी पाहावे. किल्ली नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतली माहिती मिळत नाही.

तिसरी गोष्ट पुस्तिकेची. डेल, एच.पी., लेनोव्हो यांसारख्या कंपन्या आपल्या बहुतेक मॉडेलांच्या दुरुस्ती-पुस्तिका विनामूल्य उपलब्ध करून देतात. कोणता भाग कोणत्या भागानंतर काढावा आणि कोणत्या लांबीचा स्क्रू कोठे आहे, हे त्यांत चित्रांसह दिलेले असते. पुस्तिका पाहणे म्हणजे आपले अज्ञान उघड करणे, असा समज काही कारागिरांत आहे. तो सोडून द्यावा.

आणि चौथी गोष्ट, यंत्र खरोखर बंद करणे. झाकण मिटले की यंत्र बंद झाले असे नव्हे. ते झोपलेले असते. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर नेहमीच्या पद्धतीने बंद केलेले यंत्रही मागील स्थिती डिस्कवर राखून ठेवते. शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाऊन' केले की ते पूर्णपणे बंद होते. अनेक थिंकपॅड यंत्रांच्या बायोसमध्ये आतली बॅटरी तात्पुरती खंडित करण्याची सोय आहे. झाकण काढण्यापूर्वी तिचा उपयोग करावा. नंतर अ‍ॅडॉप्टर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर ती काढावी आणि उरलेला भार निघून जावा म्हणून सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे.

हत्यारे थोडी, पण चांगली

चौफुली तोंडाचे शून्य आणि दुहेरी शून्य क्रमांकाचे स्क्रू ड्रायव्हर, चांदणीच्या तोंडाचे टी-५ आणि त्याच्या आसपासचे, मॅकबुकसाठी पाच पाकळ्यांचा पी-५, प्लास्टिकची पातळ पट्टी, गिटार वाजवण्याची नखी, टोकदार चिमटा, मऊ ब्रश आणि मल्टीमीटर एवढ्यावर बहुतेक कामे होतात. स्क्रू ड्रायव्हर मात्र उत्तम पोलादाचे घ्यावेत. झिजलेल्या टोकाने स्क्रूचे डोके खराब होते आणि मग ड्रिल मारण्याची पाळी येते. टोक स्क्रूत घट्ट बसले पाहिजे, दाब सरळ खाली आणि फिरवणे सावकाश. झाकण उचकटण्यासाठी सुरी किंवा चपटा लोखंडी स्क्रू ड्रायव्हर वापरू नये. प्लास्टिकच्या खाचा तुटतात आणि टोक आत सरकले तर केबल किंवा बॅटरीच कापली जाते.

न दिसणारा शत्रू

अंगात साठणारी स्थिर वीज हे चिपांचे मोठे वैर आहे. माणसाला झटका जाणवण्यासाठी साधारण ३,००० व्होल्ट लागतात. चिप मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी दाबानेही दुखावू शकते. म्हणजे झटका लागला नाही म्हणून काही घडले नाही, असे म्हणता येत नाही. शिवाय दुखावलेली चिप लगेच बंद पडेलच असे नाही. ती काही आठवड्यांनी दगा देते आणि ग्राहक परत दारात उभा राहतो. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत हा धोका कमी असतो. मराठवाडा-विदर्भातील कोरड्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तो वाढतो. कृत्रिम धाग्याचे कपडे, प्लास्टिकची खुर्ची आणि गालिचा यांमुळे त्यात भर पडते.

उपाय स्वस्त आहे. मनगटाला बांधावयाचा अर्थिंगचा पट्टा आणि टेबलावर स्थिर वीज वाहून नेणारी चटई घ्यावी. पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोधक असतो, तो कारागिराच्या सुरक्षिततेसाठी असतो. म्हणून साधी तार मनगटाला बांधून काम भागवू नये. आणि दुकानाचे अर्थिंग खरे आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन छिद्रांचा सॉकेट असला म्हणजे तिसऱ्या छिद्राला तार जोडलेली असतेच असे नाही.

उघडण्याचा क्रम

टेबलावर एक पुठ्ठा घ्यावा, त्यावर लॅपटॉपच्या खालच्या बाजूचा आकार काढावा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवावा. एकाच यंत्रात तीन-चार लांबीचे स्क्रू असतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसवला तर तो वरच्या पट्टीला फुगवटा आणतो किंवा मदरबोर्डलाच भोक पाडतो. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने छायाचित्र काढण्याची सवयही उपयोगी पडते.

दिसणारे सर्व स्क्रू निघाले तरी झाकण हलत नसेल तर जोर लावू नये. एखादा स्क्रू रबरी पायाखाली किंवा चिकटपट्टीखाली लपलेला असतो. काही स्क्रू झाकणातच अडकून राहण्यासाठी बनवलेले असतात. ते सैल करावयाचे, ओढून काढावयाचे नाहीत. सर्व स्क्रू निघाल्याची खात्री झाल्यावर नखी फटीत घालून कडेकडेने फिरवावी. खाच सुटल्याचा 'टक्' आवाज वेगळा आणि प्लास्टिक तुटल्याचा वेगळा, हे काही दिवसांत कानाला कळू लागते.

झाकण निघाल्यावर पहिले काम एकच, बॅटरीची जोडणी काढणे. धूळ कितीही दिसो, रॅम कितीही जवळ असो, त्याआधी कशालाही हात लावू नये. जोडणी तारा ओढून काढू नये. तिच्या दोन्ही कडांना प्लास्टिकच्या पट्टीने थोडे थोडे सरकवावे.

त्यानंतर पट्ट्यांसारख्या पातळ केबली. कीबोर्ड आणि टचपॅड यांच्या केबली बारीक खिट्टीने धरलेल्या असतात. काही खिट्ट्या वर उघडतात, काही बाहेर सरकतात. खिट्टी कोणत्या प्रकारची आहे, हे भिंगातून पाहून मगच ती सोडवावी. ती मोडली तर केबल पुन्हा घट्ट बसत नाही आणि सुटी खिट्टी बाजारात सहजासहजी मिळत नाही. वायफायच्या दोन बारीक तारा गोल टिकल्यांसारख्या टोकांनी बसलेल्या असतात. कोणत्या रंगाची तार कोणत्या जागी आहे याची नोंद ठेवावी, कारण रंगांचा संकेत प्रत्येक कंपनीत सारखा नसतो.

रॅम काढताना दोन्ही बाजूंच्या पकडी एकदम बाहेर सारल्या की पट्टी तिरकी उभी राहते. बसवतानाही ती तिरकी सरकवून मग खाली दाबावी. नवी रॅम घेताना केवळ जी.बी. पाहू नये. डी.डी.आर.-३ प्रकारची रॅम १.५ व्होल्टवर चालते आणि त्याच आकाराची डी.डी.आर.-३ एल १.३५ व्होल्टवर. ज्या यंत्राला दुसरी हवी त्यात पहिली घातली तर ती खाचेत बसते, पण यंत्र सुरू होत नाही आणि कारागीर भलतीकडेच बिघाड शोधत बसतो.

धूळ आणि उष्णता

पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून जोराची हवा मारली तर तो फक्त आत ढकलला जातो. पंखा काढून किंवा त्याचे झाकण उघडून तो थर चिमट्याने उचलावा. ब्लोअर वापरताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. हवेच्या झोताने पंखा वेडावाकडा फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते.

उष्णता वाहून नेणारा तांब्याचा भाग उचलावयाचा असल्यास त्याच्या स्क्रूंवर १, २, ३, ४ असे आकडे असतात. घट्ट करताना त्या क्रमाने आणि सोडवताना उलट क्रमाने, प्रत्येक स्क्रू थोडा थोडा फिरवावा. एका कोपऱ्यावर सगळा दाब आला तर प्रोसेसरच्या उघड्या चिपेची कड तुटते आणि त्यावर उपाय नाही. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. नवी पेस्ट पातळ थराइतकीच लावावी. जास्त लावल्याने जास्त थंडावा मिळत नाही. शेजारच्या चिपांवर रबरासारख्या गाद्या असतील तर त्या जागी पेस्ट भरू नये. त्या गादीची जाडी ठरलेली असते. खेळांसाठीच्या काही महागड्या लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी पाऱ्यासारखा दिसणारा द्रवरूप धातू असतो. तो वीज वाहतो आणि अ‍ॅल्युमिनियम खातो. असा चकाकणारा द्रव दिसला आणि आपल्याला त्याची सवय नसेल, तर यंत्र जाणकाराकडे पाठवावे.

बॅटरी : येथे चूक चालत नाही

ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. सोनीने बनवलेल्या त्या बॅटऱ्यांमधील घटांत धातूचे सूक्ष्म कण राहिल्याने आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागण्याचा धोका होता. जून २०१९ मध्ये अ‍ॅपलनेही १५ इंची मॅकबुक प्रोच्या काही जुन्या यंत्रांतील बॅटऱ्या बदलून देण्याची घोषणा केली. कारखान्यात राहिलेला डोळ्यांना न दिसणारा कण जर एवढे करू शकतो, तर टेबलावरच्या स्क्रू ड्रायव्हरचे टोक काय करील याचा विचार करावा.

टचपॅड वर आलेला असेल, झाकण नीट मिटत नसेल किंवा यंत्र टेबलावर डुलत असेल तर बॅटरी फुगल्याचा संशय घ्यावा. अशी बॅटरी चार्ज करू नये, दाबू नये, टाचणीने 'हवा' काढू नये. आत हवा नसून ज्वलनशील वायू असतो. चिकटवलेली बॅटरी काढताना डिंकाची पट्टी सावकाश ओढावी किंवा प्लास्टिकची पट्टी वापरावी, वाकवू नये. काढलेली बॅटरी इतर धातूंपासून दूर, वाळूच्या बादलीत, दुकानाबाहेरच्या सावलीत ठेवावी. धूर निघू लागला तर आधी वीजजोडणी तोडावी, धुरापासून दूर व्हावे आणि जवळ जाणे सुरक्षित असेल तरच भरपूर पाणी ओतून ती थंड करावी. आग आटोक्यात येत नसेल तर सर्वांना बाहेर काढून १०१ क्रमांकावर कळवावे. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला वजनावर विकू नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये आले आहेत. त्यांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत ठिकाणी देणे अपेक्षित आहे.

कोठे थांबावे

दोन ठिकाणी होतकरू कारागिराने हात घालूच नये. पहिले, अ‍ॅडॉप्टर. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर त्याच्या आतील कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात. अ‍ॅडॉप्टर बिघडला तर योग्य व्होल्ट आणि पुरेशा अँपिअरचा दुसरा द्यावा. दुसरे, जुन्या लॅपटॉपच्या पडद्याखालची इन्व्हर्टर पट्टी. नळीच्या दिव्यावर चालणाऱ्या त्या पडद्यांना शेकडो व्होल्टचा पुरवठा होतो. यंत्र चालू ठेवून तिला स्पर्श करू नये.

तिसरी जागा धोक्याची नव्हे, सचोटीची आहे. जुलै २००८ मध्ये एन्व्हिडिया कंपनीने आपल्या काही लॅपटॉप-चिपांच्या सदोष बांधणीपोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्या काळात अशा चिपांना गरम हवा मारून यंत्र तात्पुरते सुरू करून देण्याची पद्धत बाजारात बोकाळली. यंत्र काही दिवस चाले आणि पुन्हा बंद पडे. तोपर्यंत पैसे गल्ल्यात आलेले असत. चिप गरम करून दिलेले यंत्र किती दिवस चालेल याची हमी देता येत नाही, हे ग्राहकाला आधीच सांगितले पाहिजे. ऐकून तो नकार देईल, तर देऊ द्यावा.

बंद करताना

सर्व स्क्रू लावण्याआधी बॅटरी जोडावी, झाकण नुसते टेकवावे आणि यंत्र सुरू करून पाहावे. अनेक यंत्रे बॅटरी पुन्हा जोडल्यावर अ‍ॅडॉप्टर लावल्याशिवाय सुरू होत नाहीत. तेवढ्याने घाबरू नये. पंखा, कीबोर्ड, टचपॅड, वायफाय, आवाज, कॅमेरा आणि चार्जिंग तपासल्यावर यंत्र पुन्हा बंद करून स्क्रू लावावेत. स्क्रू प्रथम थोडा उलटा फिरवावा. आट्यात बसल्याचे बोटांना जाणवले की मग सुलटा. पुठ्ठ्यावर एकही स्क्रू उरता कामा नये. एखादा कमी पडत असेल तर तो आत सैल नाही ना, हे यंत्र हळूच हलवून ऐकावे. बदललेला जुना भाग ग्राहकाला परत द्यावा.

डिस्कमधले घर

आणखी एका गोष्टीशिवाय हा विषय पुरा होत नाही. लॅपटॉपमध्ये ग्राहकाचे हिशेब असतात, मुलीच्या लग्नाची छायाचित्रे असतात, बँकेचे कागद असतात, आजारपणाचे अहवाल असतात. पंखा साफ करण्यासाठी पासवर्डची गरज नसते; तेथे तो मागूच नये. गरज असेल तेथे ग्राहकाला स्वतः टाकू द्यावा. शक्य असेल तेव्हा डिस्क काढून त्याच्याच हाती द्यावी आणि काम झाल्यावर बसवावी. मालकाच्या परवानगीवाचून यंत्रातील माहिती पाहणे वा उतरवून घेणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येते. तेच अप्रामाणिक हेतूने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याची भीती नसती तरी एवढे लक्षात ठेवावे की, एका घराचे गुपित फुटले तर त्या मोहल्ल्यातून दुसरे यंत्र दुकानात येत नाही.

हे सर्व वाचून एखाद्याला वाटेल, एवढ्या सोपस्कारात दिवसाला किती यंत्रे होणार? पावती लिहिणे, पुठ्ठा आखणे, मनगटाला पट्टा बांधणे आणि बॅटरी सोडवणे यांना मिळून दहा-पंधरा मिनिटे लागतात. सुरुवातीच्या त्या हिशेबनिसाच्या यंत्रावर ही मिनिटे खर्च झाली असती, तरी हातातला स्क्रू कदाचित तसाच निसटला असता. फक्त मदरबोर्डवर वीज नसती. कारागिराने तो चिमट्याने उचलून पुठ्ठ्यावरच्या त्याच्या जागी टोचला असता आणि ग्राहक संध्याकाळी आपल्या हिशेबाला बसला असता.